म्युझिक मॅगझिनचा स्प्रेड करायचाय? आधी एक लेख नीट सोलून बघा

स्प्रेड, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवरचा लेख, करायला घेतला की बहुतेक जण थेट सॉफ्टवेअर उघडतात आणि फॉन्ट शोधत बसतात, आणि असाइनमेंटमध्ये अ‍ॅनालिसिस मागितलंय म्हणून शेवटी कुठूनतरी एक लेख उचलून 'रंग आकर्षक आहेत, फोटो मोठा आहे, वाचकाचं लक्ष वेधून घेतो' असं चार ओळीत उरकतात. याला अ‍ॅनालिसिस म्हणत नाहीत हो. पानावरची प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवून तिथे ठेवलेली असते, ती कुणासाठी आणि का ठेवली हे शोधणं म्हणजे खरं काम.

आधी लेख निवडा, आणि तो तुमच्याच जॉनरचा, म्हणजे संगीतप्रकाराचा, निवडा. 'केरँग' १९८१ मध्ये हेवी मेटल आणि हार्ड रॉकसाठी सुरू झालं, 'मोजो' १९९३ मध्ये, जुन्या रॉकवर लांबलचक वाचायला आवडणाऱ्यांसाठी. दोन्ही म्युझिक मॅगझिनच, पण दोघांचा वाचक वेगळा, म्हणून पानं पण वेगळी. तुमचा स्प्रेड हिप हॉपचा असेल तर मोजोचं पान उलगडून फारसं हाती लागणार नाही. शक्यतो छापील अंक घ्या, कारण स्क्रीनवर झूम करून बघताना अक्षर खरंच किती बारीक आहे ते कळतच नाही.

मग पट्टी घ्या. हो, पट्टी. रकाने किती, एका रकान्याची रुंदी किती, मार्जिन किती, फोटोने किती जागा खाल्ली, सगळं मोजून कागदावर उतरवा, ट्रेसिंग पेपर ठेवून नुसते चौकोन काढले तरी चालतं. चौकोन काढले की मजकूर दिसेनासा होतो आणि मांडणी दिसायला लागते. बरेचदा असं आढळतं की एक अख्खं पान फोटोला दिलंय आणि दुसऱ्या पानावर दोन-तीन रकाने आहेत, मजकूर ९-१० पॉइंटचा, आणि रिकामी सोडलेली जागा आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त.

फोटोवर मात्र वेळ काढा. गायिका सरळ कॅमेऱ्यात बघतेय का बाजूला, आणि बाजूला बघत असेल तर मजकुराकडे बघतेय का पानाबाहेर? गिटारचा दांडा कुठल्या दिशेला जातोय? आपली नजर त्याच दिशेने सरकते आणि चांगला डिझायनर हेडलाइन बरोब्बर तिथेच ठेवतो. जॅकेटचा लाल रंग हेडलाइनच्या एका शब्दात परत आलाय का ते बघा. आणि दोन पानांच्या मधली घडी बघा, तिथे चेहरा सहसा येऊ देत नाहीत, कारण जाड अंकात घडीजवळचा भाग आत गडप होतो. फोटो दोन्ही पानांवर पसरलेला असेल तर घडीवर खांदा, भिंत, काहीतरी बिनमहत्त्वाचं ठेवलेलं असतं.

आता शब्द. माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं आणि इथेच लोक सगळ्यात कमी थांबतात. हेडलाइन कलाकाराच्या तोंडची आहे का मॅगझिनची? खालच्या स्टँडफर्स्टमध्ये, म्हणजे त्या दोन-तीन ओळींच्या ओळखीत, काय सांगितलंय आणि काय मुद्दाम झाकून ठेवलंय? लेख प्रश्नोत्तरं आहे का गोष्टीसारखा लिहिलाय, मुलाखत घेणारा स्वतः 'मी' म्हणून दिसतो का? मग पुल कोट घ्या, ते मोठ्या अक्षरातलं वाक्य, आणि तेच वाक्य लेखात कुठे आहे ते शोधून काढा. ते पुष्कळदा शेवटाकडे असतं, कधी थोडं छाटलेलं असतं, आणि मधल्या अल्बमबद्दलच्या सगळ्या मजकुरातून नेमकं भांडणाचं किंवा एकटेपणाचं वाक्यच वर काढलेलं असतं. हे मॅगझिन कलाकाराची कुठली बाजू विकतंय ते त्या एका वाक्यात कळतं!

नियम मोडणारं पण एखादं बघा. 'रे गन' या अमेरिकन म्युझिक मॅगझिनमध्ये डिझायनर डेव्हिड कार्सनने १९९४ मध्ये गायक ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून झॅफ डिंगबॅट्स या फॉन्टमध्ये लावली, म्हणजे अक्षरांऐवजी नुसती चिन्हं, वाचताच येणार नाही अशी. ते त्या मॅगझिनच्या वाचकाला झेपलं कारण ती पानं मुळातच तशी बंडखोर असायची. तुमचा वाचक तसा आहे का हे आधी ठरवा, नुसतं भारी दिसतं म्हणून उचलू नका.

नोंदी करताना तीन रकाने पाडा: काय दिसलं, कशासाठी केलं असेल, आणि मी काय करणार. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद डिझाइनच्या कामाची नाही. उदा. 'ड्रॉप कॅप (लेखाचं मोठं पहिलं अक्षर) चार ओळींचा, हेडलाइनच्याच फॉन्टमध्ये. मोठ्या फोटोनंतर सुरुवात कुठे ते सापडावं म्हणून. माझं पहिलं अक्षर पण हेडलाइनच्याच फॉन्टमध्ये, पण तीनच ओळींचं, कारण माझे रकाने अरुंद आहेत.' असं. असे दोन-तीन लेख झाले की कुठल्या गोष्टी सगळीकडे आहेत (म्हणजे जॉनरचा रिवाज) आणि कुठल्या एकाच मॅगझिनच्या आहेत ते वेगळं करता येतं.

मग हाताने छोटी छोटी स्केचेस, काडेपेटीएवढी, आणि त्यानंतर सॉफ्टवेअर. दोन ए४ पानं म्हणजे ४२० बाय २९७ मिमी, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (छापून झाल्यावर कापली जाणारी जादा कड), फोटो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंग सीएमवायके (छपाईचे चार रंग). खरा मजकूर आधी लिहून घ्या, भरीचा मजकूर टाकून केलेली मांडणी खरे शब्द आले की हमखास मोडते. पहिला ड्राफ्ट झाला की खऱ्या साइजमध्ये प्रिंट काढा, मधे घडी घाला, आणि ज्या लेखाचं अ‍ॅनालिसिस केलंत त्याच्या शेजारी ठेवून त्याच पट्टीने स्वतःचं पान पण मोजा.