या चुका टाळा: कॅमेरा मॉड्यूलमध्ये ‘सेन्सर गेला’ म्हणण्याआधी

चित्रात आडव्या रेघा दिसल्या की आपण सेन्सर (प्रकाशाचं चित्र करणारी चिप) बदलतो. नवा लावला तरी रेघा तशाच! दोष बहुतेक वेळा पॉवरमध्ये असतो.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या कॅमेरा व्ही-२ मधला सोनीचा आयएमएक्स-२१९ सेन्सर घ्या. त्याला अ‍ॅनालॉगसाठी २.८, इंटरफेससाठी १.८ आणि डिजिटलसाठी १.२ व्होल्ट लागतात. जागा वाचवायला २.८ व्होल्ट थेट स्विचिंग रेग्युलेटरवरून घेतले, की फसलात. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, म्हणून स्विचिंगमुळे पुरवठ्यात येणारा रिपल (व्होल्टेजचा बारीक चढउतार) ओळींवर उमटतो. खात्री करायची तर २.८ चा ट्रेस (बोर्डावरची तांब्याची रेघ) तोडा आणि कमी नॉइजच्या एलडीओवरून, म्हणजे स्विचिंग न करणाऱ्या रेग्युलेटरवरून, २.८ द्या. रेघा गेल्या तर चोर सापडला. पुरवठा स्थिर ठेवणारे डीकपलिंग कपॅसिटर पिनला चिकटूनच हवेत. मागच्या बाजूला दूर कुठेतरी टाकलेले शोभेचे.

चित्रच येत नसेल तर आधी तिन्ही व्होल्टेज, मग रीसेट पिन, मग क्लॉक तपासा. आयटूसी (सेन्सरला आज्ञा पाठवायची दोन तारांची लाइन) त्यानंतर. ओव्ही-२६४० या सेन्सरला क्लॉक मिळाला नाही तर तो आयटूसीवर हाकेला ओ देत नाही, आणि आपण उगाच त्या लाइनवरचे पुल-अप रेझिस्टर बदलत बसतो. फ्लेक्स केबल उलटी बसलेली नाही ना, हेही बघा. हसू नका, मी दोन तास घालवलेत. बोर्ड चालू असताना मात्र केबल काढू-घालू नका.

चित्र मधूनच फाटत असेल तर सेन्सरकडून चित्र वाहून नेणाऱ्या लिंकचा वेग कमी करा. तेवढ्याने सुधारलं, तर मिपीच्या (याच लिंकच्या) ट्रेसच्या जोड्यांवर संशय घ्या: जोडीचा डिफरन्शियल इम्पीडन्स १०० ओहम हवा आणि खालचा ग्राउंड प्लेन (ग्राउंडचा तांब्याचा थर) अखंड.

प्रकाशाचं मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. २०१५ मध्ये रास्पबेरी पाय २ चा झेनॉन फ्लॅशने फोटो काढला की बोर्ड बंद पडायचा, कारण पॉवरची एक चिप आवरण नसलेली, उघड्या सिलिकॉनची होती. त्यात आपला नेहमीचा एफआर-४ (काचतंतू-इपॉक्सीचा) बोर्डही पुरता अपारदर्शक नसतो. सेन्सरच्या मागे एलईडी ठेवलात तर काळ्या भागात धूसर डाग येऊ शकतो. एलईडी झाकून बघा.

लेन्स बसवल्यावर बोर्ड धुऊ नका. सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स आधीच साफ करा. चित्रात ठिपका राहिलाच, तर आट्यांनी बसणारी एम-१२ लेन्स थोडी फिरवा. ठिपका सोबत फिरला तर धूळ लेन्सवर, जागचा हलला नाही तर सेन्सरच्या काचेवर किंवा फिल्टरवर.