ऑटोक्रॉसमध्ये ब्रेक पकडत नव्हते: रोटर-पॅड असे बदलले

ऑटोक्रॉस म्हणजे आखलेल्या छोट्या मार्गावर एकेक गाडीची वेळ मोजणारी शर्यत. धुळ्या-जळगावच्या मेच्या उन्हात तिसऱ्या फेरीला ब्रेकचं पेडल कडक लागायचं, पण गाडी थांबायची नाही. म्हणजे पॅड (रोटरला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीला, दाबून धरणारे तुकडे) जास्त तापले होते. पेडल मऊ पडून खाली गेलं असतं, तर ब्रेक ऑइल उकळलं असं धरायचं.

छिद्रांचे रोटर काढून साधे व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळणारे) बसवले. छिद्रांच्या कडांना तापून-गार होऊन तडे जातात. पॅड जरा वरच्या तापमानाचे, सेमी-मेटॅलिक (धातूमिश्रित). पूर्ण रेसिंग पॅड नकोतच, गार असताना ते नीट पकडत नाहीत. ऑइल नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा): कोरडं किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषलेलं १५५ ला.

मग बेडिंग, म्हणजे नव्या पॅडचा पातळ थर रोटरवर सारखा बसवणं. ६० च्या वेगावरून १० पर्यंत, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. नंतर गाडी हळू चालवत ब्रेक गार करायचे. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं की पॅडचा थर रोटरवर एकाच जागी चिकटतो आणि पेडल थरथरतं.