अ‍ॅपवर गाडी चालवणाऱ्यांनी वाजवी मोबदल्याची आणि सुरक्षिततेची मागणी कशी मांडावी

कंपनीकडे, कामगार खात्याकडे किंवा न्यायालयात जाण्याआधी चालकाने आपल्या एका तासाची खरी कमाई किती, हे स्वतः मोजले पाहिजे. त्यासाठी साधी वही पुरते. अ‍ॅप सुरू आणि बंद केल्याची वेळ, त्या दोन्ही वेळांचे गाडीवरील किलोमीटरचे आकडे आणि त्या दिवशी हाती आलेली एकूण रक्कम, एवढे दररोज लिहावे. फेरीचा तपशील अ‍ॅपमध्ये असतोच. दोन फेऱ्यांच्या मधला वेळ मात्र तितक्या ठळकपणे कुठेच दिसत नाही, आणि मोबदल्याचा सगळा वाद त्या वेळेभोवतीच फिरतो.

चार आठवड्यांची नोंद हाती आली की मिळालेल्या रकमेतून इंधन, देखभाल, टायर, विमा, कर, मोबाइलचा खर्च आणि गाडीच्या किमतीत होणारी घट वजा करावी. खर्च धरताना प्रवासी गाडीत असतानाचेच नव्हे, तर पिकअपपर्यंतचे आणि रिकाम्या परतीचे किलोमीटरही मोजावेत. गाडीवर कर्ज असल्यास हप्त्यातले फक्त व्याज खर्चात घ्यावे, कारण मुद्दल आणि घट दोन्ही धरल्यास एकच खर्च दोनदा मोजला जातो आणि समोरचा पक्ष नेमका तिथेच बोट ठेवतो. उरलेल्या रकमेला ऑनलाइन राहिलेल्या एकूण तासांनी भागावे. समजा, 10 तासांत 100 एकक रक्कम मिळाली, त्यांतील 6 तास फेऱ्यांत गेले आणि खर्च 40 एकक झाला. फक्त फेऱ्यांचे तास धरून आणि खर्च न वगळता हिशेब केला, तर तासाला जवळपास 17 एकक दिसतात. चालकाच्या हातात उरतात ते तासाला 6.

हा फरक किती मोलाचा आहे, हे जगभरच्या निर्णयांवरून दिसते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 19 फेब्रुवारी 2021 रोजी उबरच्या चालकांना ‘वर्कर’, म्हणजे किमान वेतनासारखे हक्क असलेले कामगार, ठरवताना, परवाना असलेल्या हद्दीत लॉग-इन करून फेरी घेण्यास तयार असलेला वेळही कामाचाच वेळ मानला. त्यानंतर कंपनीने किमान वेतनाची हमी जाहीर केली खरी, पण ती फेरी स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंतच्या वेळेपुरती. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर 2020 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन 22 या कायद्याच्या प्रस्तावामध्ये किमान वेतनाच्या 120 टक्के कमाईची हमी आहे, तीही फक्त फेरीतल्या वेळेची. न्यूयॉर्क शहराने मात्र 2019 पासून लागू झालेल्या किमान दराच्या सूत्रात, चालकाच्या एकूण वेळेपैकी प्रवासी गाडीत असण्याचा सरासरी वाटा सुरुवातीला 58 टक्के धरला आणि उरलेल्या वेळेची भरपाई दरातच बसवली. म्हणून ‘तासाला अमुक इतके मिळालेच पाहिजे’ अशी मागणी लिहिताना तास कोणता, हे त्याच वाक्यात स्पष्ट करावे. ते राहून गेले तर मागणी कागदावर मान्य होऊनही कमाई जिथल्या तिथेच राहू शकते.

हिशेबाइतकाच पुरावा महत्त्वाचा आहे. फेरी स्वीकारताना दिसलेली रक्कम आणि प्रत्यक्ष मिळालेली रक्कम यांचे स्क्रीनशॉट, दरात किंवा इन्सेंटिव्हच्या अटींत झालेल्या बदलांचे संदेश आणि करारपत्राची प्रत्येक आवृत्ती तारखेनिशी अ‍ॅपच्या बाहेर जपून ठेवावी, कारण आयडी ब्लॉक झाली की आतल्या नोंदी पाहण्याची वाटही बंद होऊ शकते. जिथे वैयक्तिक माहिती मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, तिथे कंपनीकडे लॉग-इनच्या वेळा, फेऱ्यांचा इतिहास आणि रेटिंग यांची प्रत लेखी मागावी. युरोपीय संघात हा हक्क जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम 15 मध्ये आहे. त्याच कायद्याच्या आधारे चालकांनी ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाकडून एप्रिल 2023 मध्ये आपल्याबद्दलच्या माहितीसंबंधी आणि यंत्राने घेतलेल्या निर्णयांसंबंधी महत्त्वाचे निकाल मिळवले.

आयडी ब्लॉक झाल्यावर राग येणे स्वाभाविक आहे, कारण एका संदेशाने घरातली आवक थांबते. तरीही पहिला अर्ज छोटा आणि मुद्देसूद असावा. फेरीचा क्रमांक, तारीख, वेळ, घडलेली घटना आणि सोबत जोडलेला पुरावा लिहून तीन प्रश्न विचारावेत: नेमका कोणता नियम मोडला, निर्णय माणसाने घेतला की यंत्रणेने, आणि फेरविचार किती दिवसांत होईल. फोनवर बोलणे झाले असेल तरी त्याचा सारांश लगेच लेखी पाठवावा. युरोपीय संघाच्या 2024 च्या प्लॅटफॉर्म कामविषयक निर्देशानुसार खाते बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यावा लागतो आणि त्याची लेखी कारणे द्यावी लागतात. सदस्य देशांना तो 2 डिसेंबर 2026 पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा आहे. जिथे असा कायदा नाही, तिथेही या तरतुदी मागणीचा मसुदा म्हणून वापरता येतात.

सुरक्षिततेची मागणी पगाराच्या मागणीपासून तोडू नये. सलग 17 तास जागे राहिल्यावर माणसाची सतर्कता आणि प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखी मंदावते, असे प्रयोगांतून दिसले आहे. ठरावीक फेऱ्या पूर्ण केल्याशिवाय न मिळणारा इन्सेंटिव्ह थकलेल्या चालकाला ‘आणखी दोनच फेऱ्या’ म्हणून रस्त्यावर ठेवतो. त्यामुळे मूळ दर वाढवून इन्सेंटिव्हवरचे अवलंबन कमी करणे ही सुरक्षिततेचीही मागणी आहे. धोकादायक वाटणारी फेरी नाकारल्यास रेटिंग किंवा पुढच्या फेऱ्यांवर परिणाम होऊ नये आणि प्रवाशाची ओळख पडताळलेली असावी, हेही मागणीत असावे. विम्याबाबत एक प्रश्न आजच लेखी विचारावा: फेरीची वाट पाहताना, पिकअपकडे जाताना आणि प्रवासी गाडीत असताना, या तिन्ही टप्प्यांत चालकाच्या दुखापतीची आणि गाडीच्या नुकसानीची भरपाई कोण देणार? खासगी वापराच्या पॉलिसीत भाड्याच्या वाहतुकीचे दावे अनेकदा वगळलेले असतात, आणि हे अपघातानंतर कळले तर फार उशीर झालेला असतो.

मारहाण, छळ किंवा अपघात झाल्यास आधी सुरक्षित ठिकाणी जाऊन मदत मिळवावी, मग पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. अ‍ॅपमधली तक्रार तिची जागा घेऊ शकत नाही. डॅशकॅम उपयोगी पडतो, पण प्रवाशाचा आवाज किंवा चित्र टिपण्याबद्दलचे नियम ठिकठिकाणी वेगळे असल्याने ते आधी तपासावेत.

एकट्याची वही कंपनी अपवाद म्हणून बाजूला सारू शकते. तीस जणांच्या, एकाच पद्धतीने भरलेल्या वह्या तशा सारता येत नाहीत. म्हणून सर्वांनी एकच नमुना ठरवावा, नावे उघड न करता आकडे एकत्र करावेत आणि संघटनेमार्फत निवेदन द्यावे. स्वतंत्र व्यावसायिक मानल्या जाणाऱ्यांनी मिळून दर ठरवणे काही देशांत व्यावसायिकांनी संगनमताने किंमत ठरवण्यास मनाई करणाऱ्या स्पर्धा कायद्याच्या कचाट्यात येऊ शकते; युरोपीय आयोगाला सप्टेंबर 2022 मध्ये त्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. त्यामुळे बहिष्काराची हाक देण्यापूर्वी कामगार कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. निवेदनात वीस मागण्यांऐवजी दोन किंवा तीन असाव्यात, प्रत्येकीपुढे आपल्या नोंदींतला आकडा असावा आणि उत्तरासाठी तारीख द्यावी. त्या तारखेला उत्तर आले नाही, तर तेच निवेदन पोच-पावतीसह कामगार खात्याकडे आणि वाहतूक परवाने देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावे, आणि तोपर्यंत वहीतली नोंद एकही दिवस चुकू नये.