दूरच्या युद्धाविरुद्ध जिल्ह्याच्या गावी धरणं धरायचं, तर

सगळ्यात आधी मागणी ठरवा. ‘युद्ध थांबवा’ ही घोषणा झाली, मागणी नाही. जळगावच्या किंवा धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात ते युद्ध नाही, आणि लढणाऱ्या देशांना आपलं निवेदन पोचत नाही. आपल्या सरकारला करता येईल तेच मागा: आपलं सैन्य पाठवू नका, शस्त्रं आणि दारूगोळा विकू नका, संयुक्त राष्ट्रांत शस्त्रसंधीच्या बाजूने मत द्या, तिथे अडकलेले आपले कामगार परत आणा, औषधं पाठवा. यांतल्या तीन मागण्या पुरेत. अशा मागण्यांना आधार आहे. इराक युद्धाच्या वेळी, एप्रिल २००३ मध्ये, लोकसभेने त्या युद्धाची निंदा करणारा ठराव केला, आणि जुलै २००३ मध्ये भारताने तिथे सैन्य पाठवायला नकार दिला. राज्यघटनेचा अनुच्छेद ५१ सरकारला आंतरराष्ट्रीय शांततेसाठी झटायला सांगतो. निवेदनाची पहिली ओळ त्याचीच असू द्या.

युद्धामुळे आखातातली जहाजं थांबली की रावेर-यावलच्या केळीला झळ लागते. भाषणात ते जरूर सांगा, पण शेवटी. आपण उभे राहतो ते तिथे मरणाऱ्या माणसांसाठी. भाव पुढे आला की ऐकणाऱ्याला हा केळीचाच मोर्चा वाटतो. दुसरं पथ्य त्याहून महत्त्वाचं आहे. भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत, आणि गावोगावची पोरं सैन्यात आहेत. कामगाराला किंवा जवानाला बोल लागेल असं एकही वाक्य नको. निर्णय घेणाऱ्यांशी बोला.

आता परवानगी. अर्ज किमान आठ दिवस आधी, ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत बसणार तिथे द्या. त्यात तारीख, किती ते किती वाजेपर्यंत, नेमकी जागा, अंदाजे माणसं, मोर्चा असेल तर रस्ता आणि तीन जबाबदार लोकांची नावं-मोबाइल लिहा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी मागा. आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ‘बसा, काही हरकत नाही’ असं तोंडी मिळालेलं उत्तर साहेबांची बदली झाली की संपतं.

अर्ज देतानाच विचारा: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ लागू आहे का? सणासुदीला आणि निवडणुकीला ते लावलं जातं. ३७(१) च्या आदेशात काठ्या बाळगायला आणि पुतळे-प्रतिमा मिरवायला मनाई करता येते, ३७(३) खाली जमाव आणि मिरवणूकच बंद करता येते. बहुतेक ठिकाणी गडबड होते ती काठीवरून. फलकाला लावलेला बांबू आदेशाच्या भाषेत काठीच ठरतो. म्हणून फलक गळ्यात अडकवा. पुतळा तर जाळूच नका, दुसऱ्या दिवशी पेपरात फक्त जाळ दिसतो, मागणी नाही. आदेश लागू असेल तर तारीख पुढे ढकला. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात ब्रिटिश सरकारच्या युद्धाला विरोध करणारे सत्याग्रही जागा आणि वेळ अधिकाऱ्यांना आधी कळवत. १७ ऑक्टोबरला पवनारला विनोबांनी सुरुवात केली तीही अशीच उघड. लपवण्यासारखं आपल्याकडेही काही नाही.

फलकासाठी २२ बाय २८ इंची कार्डशीट घ्या, मागून पुठ्ठा चिकटवा. रस्त्यापलीकडून वाचायचं तर अक्षर चार इंच हवं, म्हणजे एका फलकावर दोन ओळी, चार-पाच शब्द. शिरोरेषा आधी पट्टीने आखा आणि वर चार बोटं जागा सोडा, नाहीतर वेलांटी आणि रफार कडेला कापले जातात. पोस्टर कलर घामाच्या हाताने पसरतो. ऑइल पेंट वापरा आणि रात्रभर वाळू द्या. आणि ‘युद्ध’ नीट लिहा: द ला ध, ध ला द नव्हे. ‘युध्द’ लिहिलेल्या फलकाचा फोटो वर्षभर फिरतो. सुतळीची भोकं कडेपासून दीड इंच आत पाडा आणि मागून कापडी पट्टी चिकटवा, नाहीतर तासाभरात फाटतात. कापडी बॅनरला वारा जायला चार-सहा चिरा द्या.

घोषणा लोकांच्या बोलीत हव्यात. धुळे-शिरपूरकडे ‘आमले लढाई नको, शांती जोयजे’ ही लगेच उचलली जाते. रावेर-यावलला लेवा गणबोली आहे, तिथली घोषणा तिथल्याच माणसाकडून करून घ्या. उसनी बोली लगेच उघडी पडते. घोषणा देणारा दर पंधरा मिनिटांनी बदला.

मार्च ते जून वेळ सकाळी आठ ते साडेदहा, त्यापुढे नाही. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि म्हातारी माणसं सांगत नाहीत, एकदम कोसळतात. शंभर माणसांना वीस लिटरचे सहा जार, ओआरएसची पन्नास पाकिटं आणि मंडप. सावली नसेल तर बसूच नका. वीस माणसांमागे एक स्वयंसेवक ठेवा, त्याच्या दंडाला पांढरी पट्टी बांधा. अॅम्ब्युलन्सपुरता रस्ता पहिल्या मिनिटापासून मोकळा हवा. दवाखाना, शाळा, कोर्ट शंभर मीटरच्या आत असेल तर भोंगा नको. कोणी दगड उचलला की घोषणा थांबवून सगळ्यांना खाली बसवा. बसलेल्या गर्दीत दगड उचलणारा एकटा पडतो. पोलिसांनी नोटीस दिली तर वाचून सही करा आणि प्रत मागून घ्या.

माणसं कमी आली म्हणून बेत मोडू नका. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध १५ ऑक्टोबर १९६९ ला अमेरिकेत लाखो लोक उतरले, त्यांत छोट्या गावांतल्या चर्चपुढे मेणबत्त्या घेऊन उभे राहिलेलेही होते. चाळीस माणसं शिस्तीत बसली तरी चालतं.

निवेदन एक पानाचं, पंतप्रधानांच्या नावाने, ‘मा. जिल्हाधिकारी यांच्यामार्फत’. चार प्रती काढा. पाचच जण आत जा, त्यांत दोन बाया हव्यात. बहुतेक वेळा निवासी उपजिल्हाधिकारी घेतात. फोटो काढून परत फिरू नका. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निवेदन दिलं असं धरू नका. महिन्याने माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. एकच प्रश्न विचारा: अमुक आवक क्रमांकाचं निवेदन कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने पुढे पाठवलं? उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. पाठवलंच नसेल, तर पुढच्या धरण्याची पहिली मागणी तीच.