कोल्हापूर ते रोम: प्लॅनिंग कसं करायचं

पहिली गोष्ट, प्रवास मुंबईपासून मोजू नका, कोल्हापुरातल्या आपल्या दारापासून मोजा. आखाती देशांमार्गे जाणारी बरीच विमानं मुंबईतून पहाटे सुटतात आणि इथंच लोकांची तारीख चुकते. तिकिटावर १२ तारीख, पहाटे ४ असं असेल तर ११ च्या रात्रीच एअरपोर्टवर पोचायला पाहिजे. म्हणजे कोल्हापूर सोडायचं १० ला रात्री, महालक्ष्मी एक्सप्रेसनं, दादरला उतरायचं (सीएसएमटीपेक्षा एअरपोर्ट जवळ पडतो) आणि अख्खा दिवस हातात ठेवायचा. त्याच दिवशी सकाळी ट्रॅव्हल्सनं निघून रात्रीचं विमान पकडायचं धाडस करू नका, घाटात एक ट्रक आडवा झाला की सगळं गेलं.

तिकीट एकाच पीएनआरवर घ्या. स्वस्त पडतंय म्हणून मुंबई-दोहा वेगळं आणि दोहा-रोम वेगळं काढलं आणि पहिलं लेट झालं, तर पुढचं चुकल्याची जबाबदारी कोणी घेत नाही. मध्ये किमान अडीच-तीन तास असू देत, घरातली वयस्कर माणसं सोबत असतील तर जास्तच.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि शेवटची मुदत १५ दिवस आधीची, पण तेवढं थांबू नका, उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंटच मिळत नाही. मोठ्यांची फी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा. इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा पाहिजे. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर ३ महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा, हे आजच कपाट उघडून बघा.

बॅगेचं म्हणाल तर कांदा-लसूण मसाला खुशाल न्या, पण चेक-इनमध्ये. लोणचंही तिकडंच, केबिनमध्ये १०० मिलीच्या वर अडवतात. पेढे मात्र घरीच ठेवा, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत.

रोमला फ्युमिचिनो एअरपोर्टवरून लिओनार्दो एक्सप्रेस थेट तेर्मिनी स्टेशनला जाते, ३२ मिनिटं लागतात. घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार तास मागं. पहिल्या दिवशी कोलोसियम ठेवू नका, त्या दिवशी नुसतं फिरा आणि तिथल्या रात्रीपर्यंत जागं राहा, मग झोप रुळावर येते. कोलोसियमचं तिकीट नावावर असतं, त्यामुळं पासपोर्टवरचं स्पेलिंग बघूनच भरा.

आणि एक दिवस फ्लॉरेन्ससाठी काढाच, फास्ट ट्रेननं दीड तास. आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज (दुसरे) युरोपचा दौरा करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला तिथं वारले, अवघे वीस वर्षांचे होते, आणि तेव्हा इटलीची राजधानी फ्लॉरेन्सच होती. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, तिथंच १८७४ ची त्यांच्या स्मारकाची छत्री आहे, आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे आपला न्यू पॅलेस ज्यांनी केला तेच. छत्री कास्चिने बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे, बाग तीन किलोमीटरच्या वर लांब, म्हणून सकाळी लवकर निघा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा.