कच्चं काम लोकांसमोर ठेवताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी मातीतल्या ओलाव्यावर काम करत होते. माझं लिखाण वाचणारे म्हणजे गाईड आणि पुढेमागे दोन रेफरी, म्हणजे जर्नलसाठी निबंध तपासणारे. एका ज्येष्ठ संशोधिकेने सुचवलं, 'पंधरा दिवसांतून एकदा पानभर लिही आणि कुणालाही वाचता येईल असं ठेव.' मला धास्तीच वाटली. कुणी कल्पना उचलली तर? चूक निघाली तर?

चूक निघालीच. 'सेन्सर दहा सेंटीमीटर खोलीवर बसवले आहेत,' असं मी लिहिलं होतं. चौथ्या दिवशी मका घेणाऱ्या एका शेतकऱ्याने विचारलं, 'वरची माती दुपारीच सुकते, तरी पीक टवटवीत असतं. मुळं खालचं पाणी ओढतात. खाली मोजलंत का?' मोजलं नव्हतं. पुढच्या हंगामात तीस आणि साठ सेंटीमीटरवरही सेन्सर बसले, आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यातून उभं राहिलं.

तेव्हापासून मी प्रत्येक संज्ञा पहिल्यांदा येते तिथेच उलगडते: मॅट्रिक पोटेन्शियल, म्हणजे माती पाणी किती घट्ट धरून ठेवते त्याचं माप. हे मी शेतकऱ्यांसाठी लिहिलं, पण पत्र आलं स्थापत्य अभियांत्रिकीतल्या एका संशोधकाचं: 'आम्ही यालाच सक्शन म्हणतो, उतार का ढासळतात ते त्यावरून पाहतो.' एकच गोष्ट दोन नावांनी, म्हणून आम्ही एकमेकांचे निबंध कधी शोधलेच नव्हते.

गणितात हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं आहे. 2009 च्या सुरुवातीला गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी हेल्स-ज्युएट प्रमेयाच्या (चयनगणितातलं, म्हणजे मांडण्या-रचनांच्या गणितातलं एक प्रमेय) घनता-रूपाची नवी सिद्धता शोधायचा प्रश्न इंटरनेटवर सर्वांपुढे ठेवला. अर्धवट विचारही लिहा, म्हणाले. दीडेक महिन्यात वाट सापडली आणि निबंध 'डी. एच. जे. पॉलीमॅथ' या सामूहिक नावाने निघाला. 2013 मध्ये यितांग झांग यांनी दाखवलं की सात कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. जेम्स मेनार्ड यांची नवी पद्धत हाताशी घेऊन याच सामूहिक रीतीने ते अंतर 246 वर आलं. मला त्यातल्या फसलेल्या वाटा जास्त मोलाच्या वाटतात. छापील निबंधात त्या पुसल्या जातात, आणि नवख्या विद्यार्थ्याला वाटतं, अडखळतो तो आपणच.

काळजी मात्र घ्या. सहकाऱ्यांची संमती नसलेला डेटा बाहेर काढू नका. जर्नलचे नियम आधी वाचा. कल्पना जपायची असेल तर आधी प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधीचा मसुदा, ऑनलाइन टाका, त्यावर तारीख पडते. आणि वाचकाने दिलेलं श्रेयनिर्देशात लिहा, त्याला विचारून.

त्या शेतकऱ्याला मी विचारलं. नाव घाला म्हणाले, पण आधी साठ सेंटीमीटरचा आलेख पाठवा, पुढचं पाणी कधी द्यायचं ते ठरवायचंय.