पीसीला वॉटर कूलिंग करताय? मग आधी २४ तास टिश्यू पेपरवर नजर ठेवा

कस्टम लूप, म्हणजे पीसी थंड ठेवायला ब्लॉक, पंप, रेडिएटर आणि ट्यूब स्वतः जोडून फिरवलेलं पाणी, करायचा म्हटलं की घरचे, मित्र सगळे एकच विचारतात, गळलं तर? प्रश्न बरोबरच आहे, फक्त गळतं कुठे ते नीट समजून घ्या. ट्यूब मधेच फुटली असं सहसा होत नाही, पाणी सुटतं ते जॉइंटला. माझ्या लूपमध्ये चौदा जॉइंट होते, त्यातल्या एकानेच दगा दिला. सीपीयू ब्लॉकच्या (सीपीयूवर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) फिटिंगखाली टेस्टसाठी ठेवलेल्या टिश्यूला कडेला नखाएवढा ओला डाग होता, थेंब पडताना काही दिसला नाही. खोलून बघितलं तर ओ-रिंगला, म्हणजे जॉइंटमधल्या रबरी रिंगला, केसाएवढी चीर, आणि त्याच्या बरोबर खाली ग्राफिक्स कार्ड! वाचलं ते एवढ्याचसाठी की तेव्हा बोर्डला करंटच दिलेला नव्हता.

सामान घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाल तेव्हा दोन गोष्टी पक्क्या धरा. ब्लॉक तांब्याचा असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच घ्या, मधे ॲल्युमिनियम आलं की ते गंजून झिजत जातं. आणि पहिल्यांदाच करत असाल तर सरळ सॉफ्ट ट्यूब घ्या, हार्ड ट्यूब दिसते छान पण कापताना, वाकवताना जरा तिरकी झाली की जॉइंटवर ताण येतो.

पाणी नळाचं नको, आरओचंही नको. डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि त्यात शेवाळ आणि गंज रोखणारं ॲडिटिव्ह घाला, किंवा रेडीमेड कूलंट वापरा. त्यावर नॉन-कंडक्टिव्ह लिहिलेलं असलं तरी त्या भरवशावर राहू नका, लूपमधल्या धातूंवरून फिरून फिरून तेच पाणी हळूहळू करंट वाहून न्यायला लागतं. नवा रेडिएटर आधी गरम पाण्याने खळखळून धुवा, आत सोल्डरिंगचा फ्लक्स राहिलेला असतो, आणि शेवटी डिस्टिल्डने विसळा.

फिटिंग बसवताना हार्डवेअरवाला प्रेमाने टेफ्लॉन टेप पुढे करेल, घेऊ नका. हे आटे सरळ असतात, पाणी अडवते ती ओ-रिंग, टेप मधे आली तर ती नीट बसतच नाही. प्रत्येक रिंग बोटावर फिरवून बघा, चीर असेल तर बदला. हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, वर जेमतेम पाव फेरा, पान्याने जोर लावला तर ॲक्रिलिकला तडा जातो. आणि लूपच्या सगळ्यात खालच्या जागी ड्रेन व्हॉल्व्ह लावाच, नाहीतर पुढे पाणी काढताना रडायला येतं.

आता टेस्ट, घाई करायची नाही ती इथे. बोर्डची २४ पिनची केबल, सीपीयूची, ग्राफिक्स कार्डची, सगळ्या काढा, पॉवर सप्लायला फक्त पंप जोडा. बोर्डशिवाय सप्लाय चालू करायला २४ पिनचा जम्पर प्लग मिळतो तोच वापरा, वायरचे तुकडे खुपसत बसू नका. रिझर्व्हॉयर, म्हणजे लूपची छोटी टाकी, भरा, पंप दोन-चार सेकंद चालवा, पाणी खाली गेलं की बंद, परत भरा, असं करत करत लूप भरतो, पंप कोरडा मात्र एकदाही फिरू द्यायचा नाही. मग केस थोडी इकडेतिकडे तिरकी करून बुडबुडे काढा, प्रत्येक जॉइंटखाली पांढरा टिश्यू ठेवा आणि २४ तास पंप चालू ठेवा. हवेचा प्रेशर टेस्टर असेल तर पाणी भरायच्या आधीच अर्ध्या बारच्या आसपास हवा भरून अर्धा तास काटा खाली येत नाही ना ते बघा, पण ब्लॉकवाल्याने दिलेल्या लिमिटच्या वर जाऊ नका.

पावसाळ्यात बऱ्याच जणांना वाटतं की फ्रिजमधल्या बाटलीसारखं ट्यूबवर बाहेरून पाणी सुटेल. चालू पीसीत नाही सुटत, कारण रेडिएटर पाण्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. धोका वेगळा आहे, रात्रभर एसी लावून सकाळी खिडकी उघडली की थंड पडलेल्या बंद पीसीवर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी सुटू शकतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तासभर थांबूनच मशीन चालू करा.

आणि चालू पीसीत गळालंच तर आधी भिंतीवरचं बटण बंद, पुसापुशी नंतर. प्लग काढा, लूप रिकामा करा, बोर्डवरचा सेल काढा. ओली जागा टिपून घ्या, घासू नका, मग ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, कूलंटचा थर राहिला तर सुकल्यावरही शॉर्ट करू शकतो. पंख्याखाली दोन दिवस ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत एका रात्रीत सुकलं असं धरू नका, कार्डच्या मागच्या प्लेटखाली पाणी अडकून राहतं, तीही खोलून बघा.